आचार्य विनोबा भावे : प्रयाणाची पूर्वसिद्धता

श्रीमद्भगवद्गीतेच्या आठव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन भगवंतांना सात प्रश्न विचारतो. त्यांतील पहिले सहा ब्रह्म, अध्यात्म, कर्म अशा गहन तत्त्वांविषयी आहेत. सातवा प्रश्न मात्र अगदी साध्या माणसाचा आहे : देह सोडतेवेळी चित्त ठिकाणावर असलेल्या पुरुषाला परमेश्वराची ओळख कशी राहते ? या प्रश्नावर आचार्यांनी भाष्ये लिहिली, संतांनी निरूपणे केली. आपल्या काळात ज्यांनी त्याचे उत्तर दीर्घ आयुष्यभर घोटून शेवटी आचरणात उतरविले, त्यांत आचार्य विनोबा भावे यांचे नाव अग्रभागी आहे. भूदानाचे प्रणेते म्हणून त्यांचे चरित्र सर्वश्रुत आहे. त्यांच्या अंतकाळाची कथा मात्र गृहस्थाश्रमी माणसाने निराळ्या कारणासाठी जाणून घेण्यासारखी आहे, कारण जो प्रश्न पवनारच्या आश्रमात १९८२ साली उभा राहिला तो आज रुग्णालयाच्या दारात घरोघरच्या मुलाबाळांपुढे उभा राहत आहे.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणात, कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील पेण तालुक्यात, गागोदे या खेड्यात झाला. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास असत; त्यामुळे बालपणाचा पहिला काळ आजोबा शंभुरावांच्या छायेत गेला. शंभुराव व्रतस्थ होते. चांद्रायण व्रतात चंद्रकलेबरोबर घास वाढवीत नेणे आणि कमी करीत आणणे असा क्रम असतो. रात्री चंद्रोदय होई तेव्हा पूजा करून आजोबा झोपलेल्या विन्याला उठवीत आणि प्रसाद हातावर ठेवीत. अन्न ही मोजून घेण्याची, आणि वेळ आली तर मोजून सोडण्याचीही वस्तू आहे, हा संस्कार त्या घरात कोणी उपदेशाने केला नाही. तो पाहून झाला.

माता रुक्मिणीबाईंचा प्रभाव याहून खोल होता. त्यांना गीता ऐकण्याची आवड होती, परंतु संस्कृत कळत नसे. मुलाने एक मराठी पद्यानुवाद आणून दिला. तोही त्यांना अवघड वाटला. तेव्हा तूच का सोपी गीता करीत नाहीस, असे त्या सहज बोलून गेल्या. ते बोलणे मुलाच्या मनात रुतून राहिले.

१९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण सुरतेस गाडीतून उतरला आणि काशीच्या वाटेला लागला. पुढे ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात त्याची महात्मा गांधींशी भेट झाली, आणि हिमालयाची ओढ व बंगालच्या क्रांतीची ओढ या दोहोंचे समाधान त्याला एकाच ठिकाणी लाभले.

१९१८ च्या शरदात इन्फ्लुएंझाची साथ देशभर पसरली. बडोद्याच्या घरात आजारपण शिरले आणि २४ ऑक्टोबर रोजी रुक्मिणीबाईंनी देह ठेवला. या वेळी जे घडले ते विनोबांच्या चरित्रात नुसते ओझरते सांगून पुढे जाण्याजोगे नाही. आईचे अंत्यसंस्कार पुरोहिताकरवी न करता आपल्या हातांनी करावे, असा विनोबांचा आग्रह होता. वडिलांना परंपरेप्रमाणे ब्राह्मणाकरवी संस्कार व्हावे असे वाटत होते. दोघांचेही त्या माउलीवर निस्सीम प्रेम होते. दोघेही आपापल्या परीने तिचेच भले चिंतीत होते. वडिलांच्या इच्छेप्रमाणे झाले. विनोबा स्मशानात गेले नाहीत. घरी बसून त्यांनी वेदाध्ययनास आरंभ केला. असे प्रसंग आपल्याकडे थोड्याफार फरकाने अनेक घरांत येतात. जाणारे माणूस जाते आणि त्याच्या मनात काय होते यावरून मागे राहिलेल्यांत तट पडतात. तेथे प्रेमाची वाण नसते, शब्दाची असते. विनोबांसारखा पुत्र आणि नरहरपंतांसारखा पती असूनही तो तट टळला नाही, मग सामान्य कुटुंबाचे काय सांगावे !

आईच्या त्या सहज बोलण्याची पूर्तता तिच्या पश्चात बारा वर्षांनी झाली. ७ ऑक्टोबर १९३० रोजी विनोबांनी गीतेच्या समश्लोकी मराठी अनुवादास प्रारंभ केला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी तो पूर्ण केला. हीच गीताई. दुसऱ्याच वर्षी ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक याप्रमाणे अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने झाली. ऐकणारे बंदिवान होते आणि टिपून घेणारे साने गुरुजी होते, म्हणून ती प्रवचने आज आपल्या हाती आहेत.

आठव्या अध्यायावरील प्रवचनाला प्रयाण-साधना असे नाव मिळाले आहे. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तुरुंगाच्या भिंतीआड, विनोबा मरणाविषयी जे बोलले त्याचा आशय थोडक्यात असा : मनुष्य मरणाचा विचार टाळण्यासाठी नाना उद्योग करतो, पण मरण काही त्याला टाळीत नाही. आयुष्यात केलेल्या असंख्य कृतींपैकी बहुतेक विरून जातात आणि थोडे संस्कार उरतात. अंतकाळी जे वर येते ते या उरलेल्याचे सार होय. म्हणून शेवटचा क्षण गोड व्हावा यासाठी मधल्या क्षणांचीच मशागत केली पाहिजे. याच प्रवचनात त्यांनी एकनाथ महाराजांची कथा सांगितली आहे. एका गृहस्थाने नाथांना विचारले की आपले जीवन इतके निष्पाप कसे ? नाथांनी उत्तर न देता त्याला, तुझे मरण सात दिवसांवर आले आहे, असे सांगितले. तो घरी गेला, निरवानिरव केली, अंथरुणाला खिळला. सातव्या दिवशी नाथांनी जाऊन विचारले की या सात दिवसांत पाप किती घडले ? मरण डोळ्यांपुढे उभे असता पापाचा विचार करण्यास सवड कोठून मिळणार, असे तो म्हणाला. आणि त्याला त्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. कथेतील एक बारकावा सहसा दुर्लक्षिला जातो. त्या गृहस्थाने सात दिवसांत आपल्या माणसांची निरवानिरव करून टाकली होती. मरणाचे स्मरण ठेवणारा माणूस घरच्यांना अंधारात ठेवीत नाही.

१९३८ मध्ये विनोबांची प्रकृती फार खालावली. गांधीजींना चिंता वाटली आणि हवापालटासाठी त्यांनी आग्रह धरला. विनोबांनी थंड हवेचे ठिकाण न निवडता वर्ध्यापासून जवळच असलेले, धाम नदीकाठचे पवनार निवडले. नदीचा पूल ओलांडताना सर्व कामांच्या विचारांचाही संन्यास केल्याचा उच्चार त्यांनी मनाशी केला आणि पलीकडे जाऊन शेतात खणण्याचे हलके काम सुरू केले. प्रकृती सुधारली. पुढे १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून त्यांची निवड झाली, त्यानंतर कारावास आले. आणि १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे शंभर एकरांच्या दानापासून भूदानाची गंगा सुरू झाली. तेरा वर्षांवर चाललेली ती पदयात्रा, ४० लाख एकरांहून अधिक दानपत्रे, त्यांतील किती जमीन प्रत्यक्ष भूमिहीनांच्या हाती पडली याविषयीचे वाद, हा सारा इतिहास अन्यत्र विपुल उपलब्ध आहे.

या यात्रेतील एक प्रसंग मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. डिसेंबर १९५२ मध्ये बिहारमधील (आता झारखंडमधील) चांडील या गावी विनोबांना घातक स्वरूपाचा मलेरिया झाला. ताप चढत गेला. विनोबांनी औषध घेण्याचे नाकारले. ईश्वराचे नाम पुरेसे आहे अशी त्यांची भूमिका होती. सहकारी हवालदिल झाले. बिहारमधील वडीलधारी मंडळी विनवणी करू लागली, देशभरातून काळजीचे निरोप येऊ लागले. अखेर विनोबांनी औषध घेतले आणि ते बरे झाले. त्यानंतर ते तीस वर्षे जगले.

तेव्हा औषधाला नकार हा विनोबांचा हट्टाचा सिद्धांत नव्हता. आजार बरा होण्याजोगा होता, अंगीकारलेले कार्य अर्धे होते आणि आसपासच्या माणसांच्या जिवाला घोर लागला होता. तेथे त्यांनी आपला आग्रह मागे घेतला. केवळ १९८२ ची घटना सांगून चांडीलचा प्रसंग जे गाळतात, ते विनोबांना अर्धेच सांगतात.

१९५९ मध्ये पवनार येथे भगिनींसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली. ७ जून १९६६ रोजी, गांधीजींच्या भेटीला बरोबर पन्नास वर्षे झाली तेव्हा, विनोबांनी स्थूल कार्यातून निवृत्त होऊन सूक्ष्मात प्रवेश करण्याचे जाहीर केले. १९७० मध्ये त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे पवनारची सीमा न ओलांडण्याचे ठरविले. २५ डिसेंबर १९७४ पासून एक वर्ष मौन पाळले. आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेने अनेक जुने सहकारी दुखावले, आणि ती दुखावण निष्कारण होती असे म्हणवत नाही. परंतु एक गोष्ट त्यांचे टीकाकारही नाकारणार नाहीत. सोळा वर्षे हा पुरुष एकेक दोरी सोडीत होता, आणि प्रत्येक दोरी सोडताना सर्वांना सांगून सोडीत होता. पत्रांखाली स्वतःच्या नावाऐवजी राम-हरि लिहीत. आपण मरणाची तालीम करीत आहोत, असे ते भेटीस येणाऱ्यांना सांगत. रोजची निद्रा हे त्या तालमीचेच एक अंग मानीत. पोटाच्या जुन्या व्याधीमुळे आहार कित्येक वर्षे दूध, दही, मध एवढ्यावर आलेला होता. आश्रमातील भगिनींना पुढे काय येणार याची जाणीव फार आधीपासून झालेली होती.

नोव्हेंबर १९८२ च्या पहिल्या आठवड्यात विनोबांना ताप आला आणि हृदयविकाराचा झटका आला. वय सत्त्याऐंशी होते. डॉक्टर आले, उपचार सुरू झाले. आशा सोडावी अशी अवस्था नव्हती. परंतु ८ नोव्हेंबरपासून विनोबांनी औषध, अन्न आणि पाणी ही तिन्ही घेण्याचे थांबविले. डॉक्टरांनी विनविले, दूरदूरहून आलेल्या सहकाऱ्यांनी विनविले. चांडीलला जे मानले ते येथे मानले नाही. चित्त पूर्ण जागृत होते. नकार हाताच्या खुणेने होता, पण त्यात संदिग्धता नव्हती.

देशभर प्रश्न निघाला की ही आत्महत्या नव्हे काय ? धर्मशास्त्राने आत्मघाताची निंदा केली आहे, पण अत्यंत वृद्ध अथवा असाध्य रोगाने ग्रस्त झालेल्या, कर्तव्ये संपलेल्या पुरुषाच्या प्रायोपवेशनाकडे ते निराळ्या दृष्टीने पाहते. तथापि शास्त्रकारांतही एकमत नाही; महाप्रस्थानगमन हे पुढील निबंधकारांनी कलिवर्ज्यांत घातले. जैन परंपरेत संलेखना अथवा संथारा या नावाने हे व्रत आजही चालत आहे, आणि जैन धर्माचे सार एकत्र करणारा समणसुत्तं हा ग्रंथ विनोबांच्याच प्रेरणेने सिद्ध झाला होता, ही गोष्टही येथे लक्षात घ्यावी.

कायद्याची भाषा त्या वेळी फार रुक्ष होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारास एक वर्षापर्यंत साधी कैद सांगितली होती. व्रतस्थाचा देहत्याग, असाध्य रोग्याने यंत्र नाकारणे आणि निराशेने घेतलेला गळफास यांत भेद करणारा शब्दच त्या कलमात नव्हता. पुढील चाळीस वर्षांत न्यायालयांना तो भेद एकेक पाऊल टाकीत शोधावा लागला. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसाच निर्णय दिला, पण १९९६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो फिरविला. मात्र ज्याचे नैसर्गिक मरण सुरू झालेले आहे त्याला सन्मानाने जाता यावे, ही गोष्ट जगण्याच्या अधिकाराशी विसंगत नाही, एवढी वाट त्याच निकालाने मोकळी ठेवली. जैनांचा संथारा राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये दंडनीय ठरविला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ उरलेले नाही.

गृहस्थांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निर्णय ९ मार्च २०१८ चा आहे. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य केला आणि वैद्यकीय इच्छापत्रास कायद्याचे बळ दिले. आपण असाध्य आजाराने ग्रासलो, बरे होण्याची आशा उरली नाही आणि स्वतःचे मत सांगण्याची शुद्धही राहिली नाही, तर केवळ यंत्रांच्या आधाराने आपला श्वास लांबवू नये, असे कोणाही सज्ञान व्यक्तीला शुद्धीत असताना लिहून ठेवता येते. आरंभी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. म्हणून फारच थोड्यांनी ते केले. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने अट सैल केली. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. आपल्या वतीने संमती देणाऱ्या विश्वासू व्यक्तींची नावे त्यात घालावयाची असतात. एक प्रत स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे व एक घरच्या डॉक्टरकडे द्यावयाची असते. मन बदलले तर केव्हाही लेखी रद्द करता येते. प्रत्यक्ष वेळ आली म्हणजे रुग्णालयातील तीन डॉक्टरांचे मंडळ आणि त्यानंतर दुसरे तिघांचे मंडळ रुग्णाची स्थिती तपासते, आणि निर्णय अमलात आणण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यास कळविले जाते. वेदना कमी करण्याची शुश्रूषा कोणत्याही टप्प्यावर थांबवावयाची नसते. मरण घडवून आणणारे औषध देणे मात्र पूर्वीप्रमाणेच गुन्हा आहे.

विनोबांनी जे केले ते या इच्छापत्रात तंतोतंत बसणारे नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ते शुद्धीत होते, स्वतः बोलण्यास समर्थ होते आणि त्यांनी यंत्राबरोबर अन्नजलही सोडले. तो व्रतस्थाचा मार्ग आहे. ज्याच्या मागे लहान मुले, कर्ज, अपुरी कर्तव्ये आहेत त्याने त्याचे अनुकरण करावे असे विनोबांनीही कधी सांगितले नाही. गृहस्थाने त्यांच्याकडून घ्यावयाचे ते दुसरेच आहे. वडील अतिदक्षता विभागात बेशुद्ध पडलेले असतात, बाहेर बाकावर चार भावंडे बसलेली असतात आणि डॉक्टर कागद पुढे करून नळी घालू की नको असे विचारतात. एकजण नको म्हणतो. त्याला पैशाचा विचार केला असे जन्मभर ऐकावे लागते. दुसरा हो म्हणतो, आणि वडिलांचा तो केविलवाणा महिना त्याला जन्मभर झोपू देत नाही. दोघांनाही दोष देता येत नाही, कारण वडिलांनी कोणालाच काही सांगितलेले नव्हते. मरणाचे बोलणे घरात अशुभ मानण्याची आपली चाल आहे. जेवताना, सणावारी, मुलांसमोर ते काढू नये हे ठीकच. पण मग ते काढावयाचे केव्हा, हे कोणी सांगत नाही. ज्या घरात नित्य गीतेचा आठवा अध्याय वाचला जातो त्या घरातही हे मौन असावे, हे आश्चर्य आहे.

पवनारला तसे मौन नव्हते, म्हणून तेथे तट पडले नाहीत. ज्या भगिनींनी विनोबांची वर्षानुवर्षे सेवा केली त्यांना पाण्याचा पेला परत घेऊन जाणे सोपे गेले असेल असे कोणी समजू नये. पण त्यांना हे ठाऊक होते की हा नकार तापातील बडबड नव्हे, किंवा कोणावरचा रुसवाही नव्हे. डॉक्टर जवळ होते. त्यांनी बळजबरी केली नाही. सरकारनेही कलम पुढे करून त्यांना उचलून नेले नाही. दर्शनास लोकांची रीघ लागली होती. खाटेभोवती राम-हरि हा नामघोष चालू होता आणि विनोबांचा श्वास त्याच्याशी लय साधून चालला होता.

असे सात दिवस गेले. १५ नोव्हेंबर १९८२ हा दिवाळीच्या अमावास्येचा दिवस होता. याच तिथीस भगवान महावीरांचे निर्वाण झाले असे मानतात. सकाळी साडेनऊच्या सुमारास, कोणतीही धडपड न होता, श्वास थांबला. त्यांच्या देहाचा अंत्यविधी आश्रमाच्या खालीच, धाम नदीच्या काठी झाला. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी याच नदीचा पूल ओलांडून ते पवनारला आले होते.